पडद्यावर मोडी अक्षर लिहिताना

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाला बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा बडोद्याच्या मराठी परंपरेवर बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र आज संगणकावरच्या स्लाइडविषयी बोलणार आहे. स्लाइडवरची चित्रे स्वतः कशी काढावीत, ती हलती कशी करावीत आणि मुख्य म्हणजे केव्हा हलवू नयेत, हा माझा विषय. तो ऐकून आपल्या कार्यवाहांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांची शंका अनाठायी नव्हती. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या चित्रकलेच्या तासापुरताच आहे आणि त्या तासाला मला मिळालेले गुण आज सांगण्यासारखे नाहीत.

परंतु या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही, गरजेने वळलो. याच वास्तूत काही वर्षांपूर्वी आपण मोडी लिपीचा रविवारचा वर्ग सुरू केला. बडोदे संस्थानचा कितीतरी कारभार मोडीत चालला, त्यामुळे येथील जुन्या मराठी घरांतून मोडी कागद आजही सापडतात. कोणाच्या पेटीत, कोणाच्या देवघराच्या फळीवर, कोणाच्या बँकेतल्या लॉकरमध्येसुद्धा! कागद आहेत, ते जपण्याची भावना आहे. वाचणारा तेवढा घरात उरलेला नाही. वर्ग त्यासाठी होता.

पहिल्या रविवारसाठी मी चाळीस स्लाइडी तयार केल्या. तयार केल्या म्हणणेही धाडसाचे आहे; जमविल्या म्हणावे. बोरू, दौत आणि पगडी यांची आयती चित्रे घेतली. प्रत्येक अक्षर कोठून तरी उडत येईल, गिरकी घेईल आणि स्थानापन्न होईल, अशी व्यवस्था केली. प्रत्यक्षात ग्रंथालयाच्या संगणकावर फाइल उघडली तेव्हा माझ्या घरच्या संगणकातला जुना मराठी टंक तेथे नव्हता. त्यामुळे सारा देवनागरी मजकूर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांच्या खिचडीत रूपांतरित झाला. चित्रे मात्र सुखरूप होती आणि गिरक्या घेत होती. तास संपल्यावर पहिल्या रांगेतील एक वयोवृद्ध सभासद जवळ आले आणि म्हणाले, "सर, अक्षरं पोहत पोहत आली, मजा वाटली. पण हात कुठून सुरू करायचा, ते काही कळलं नाही."

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. आजोबांनी एका वाक्यात माझ्या चाळीस स्लाइडींचे परीक्षण केले होते. गती पुष्कळ होती, पण ज्या एका गतीची विद्यार्थ्यांना गरज होती, ती लिहिणाऱ्या हाताची गती तेवढी पडद्यावर नव्हती.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने 'शांबरिक खरोलिका' या नावाने दीपचित्रांचे खेळ केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशाने पडद्यावर पाडायची, आणि एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था पाठोपाठ दाखवून ते हलल्याचा आभास निर्माण करायचा, अशी ती युक्ती होती. स्वतः काढलेली चित्रे आणि साधी हालचाल, म्हणजे आजचा माझा विषयच.

आपल्या शहराचा वारसा तर याहूनही जवळचा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतले. 1910 ते 1913 या काळात त्यांनी संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसविली. लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणारी ग्रंथालये आपल्याला ठाऊक आहेत. त्याच ग्रंथालय खात्याची एक दृश्यशिक्षणाची शाखा होती, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही ज्ञान पोहोचावे म्हणून ती कंदिलाच्या स्लाइडी आणि चलच्चित्रे घेऊन लोकांपर्यंत जात असे. तेव्हा ग्रंथालयात पडदा लावणे हे ग्रंथाशी वैर आहे, असे निदान बडोद्यात तरी कोणी म्हणू नये.

आणि दादासाहेब फाळके! ते येथील कलाभवनात शिकले. 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये पडद्यावर आला, पण त्यापूर्वी 1912 मध्ये त्यांनी एक लहानसा चित्रपट केला होता: कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. दिवसांमागून दिवस एकेक चित्र टिपून त्यांनी ते रोप काही क्षणांत वाढताना दाखविले. मला पडद्यावरील हालचालीचे सारे शास्त्र त्या वाटाण्यात दिसते. रोप वाढते हे आपल्याला ठाऊक असते, परंतु वाढताना ते कोणी पाहिलेले नसते. जे घडते पण डोळ्यांना दिसत नाही, ते दाखविण्यासाठी फाळक्यांनी चित्र हलविले. एरवी त्या कुंडीचे एक छायाचित्र पुरे होते.

लिहून झालेले अक्षर असेच असते. कागदावर आकृती उरते, हात निघून गेलेला असतो. मोडीत तर हा हातच सर्वस्व आहे. देवनागरीत आपण शब्द लिहितो आणि मग वर रेघ देतो. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढतो आणि नंतर तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. बोरू शक्य तितका कमी उचलायचा, ही त्या लिपीची प्रतिज्ञा. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती सहसा पाळत नाही आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नाही. म्हणून छापील तक्त्यावरून ती पाठ होते, पण हातात येत नाही.

आता कृतीकडे वळतो. ती इतकी सोपी आहे की आपल्यापैकी कोणीही शिक्षक, आजी किंवा शाळकरी नात ती करू शकेल.

मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि आज तिचे टंकही उपलब्ध आहेत. तरीही मी वर्गासाठी टंक वापरत नाही, कारण टंकातले अक्षर एकदम उमटते. मी जुन्या कागदाचे छायाचित्र स्लाइडवर ठेवतो आणि ते फिकट करतो. पॉवरपॉइंटमध्ये वक्ररेषा काढण्याचे साधन असते. त्याने त्या अक्षरावरून, शाळेत पाटीवर गिरवीत होतो तसे, सावकाश गिरवितो. चुकले तर रेषेवरील बिंदू धरून ओढता येतात. मग खालचे छायाचित्र काढून टाकतो. उरते ती माझी रेघ, पण वळण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोणा कारकुनाचे. या पद्धतीचा एक आनुषंगिक लाभ असा की, रेखाटलेल्या अक्षराला टंकाची गरजच उरत नाही; ते कोणत्याही संगणकावर जसेच्या तसे दिसते. पहिल्या रविवारची फजिती पुन्हा झाली नाही ती यामुळे.

मर्म पुढे आहे. अक्षर एका रेघेत न काढता, जेथे हात दिशा बदलतो तेथे रेघ तोडायची. प्रत्येक तुकड्याला 'वाइप' नावाचा परिणाम द्यायचा. त्यात रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उलगडत जाते. हात डावीकडून उजवीकडे गेला तर वाइप डावीकडून, खाली उतरला तर वरून. परतणारी रेघ न तोडता तशीच ठेवली, तर जाणारा आणि येणारा असे दोन्ही भाग एकाच वेळी उमटतात आणि सारा खेळ फसतो. हे मी तीन रविवार चुकून शिकलो. पूर्ण वर्तुळासाठी 'व्हील' हा परिणाम बरा, तो चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. तुकड्यांची टोके गोल ठेवली की सांधा दिसत नाही. प्रत्येक तुकडा आधीचा संपल्यावर आपोआप सुरू व्हावा, अशी आज्ञा द्यायची आणि त्याला सुमारे एक सेकंद द्यायचा. त्याहून घाई केली तर विद्यार्थ्याचा बोरू मागे राहतो.

या रीतीने केलेली पहिली स्लाइड दाखविली तेव्हा पडद्यावर आधी फक्त शिरोरेघ धावली आणि थांबली. अकरावीतला एक मुलगा न राहवून म्हणाला, "रेघ आधी? अक्षर नसताना?" मी काहीच बोललो नाही. रेघेखाली अक्षर उलगडू लागले आणि वर्गातले हात आपोआप वहीवर सरकले. उडत्या अक्षरांच्या चाळीस स्लाइडींनी जे साधले नव्हते, ते एका रेघेने साधले.

त्यानंतर मी एक नियम करून घेतला आहे. कोणतीही हालचाल देण्यापूर्वी स्वतःला विचारायचे: हे प्रत्यक्षात हलते का? हात हलतो, नदी वाहते, सैन्य कूच करते, वंशवृक्षाला फांदी फुटते. त्यांना गती द्यावी. शीर्षक हलत नाही, सनावळी हलत नाही, महापुरुषाचे छायाचित्र तर मुळीच हलत नाही. त्यांना स्वस्थ बसू द्यावे. आम्ही मराठीचे लोक अलंकारांविषयी हेच शिकवितो. अर्थाला उठाव देईल तो अलंकार, नाही तर ते ओझे. अक्षर इतके मोठे असावे की शेवटच्या रांगेतल्या आजींना ते चष्मा न पुसता दिसावे. लाल आणि हिरव्या रंगांतला भेद न ओळखणारे लोक सभेत असू शकतात, म्हणून केवळ त्या दोन रंगांवर भिस्त ठेवू नये. आणि एक छोटी युक्ती: स्लाइडी चालू असताना कळफलकावरील 'बी' हे अक्षर दाबले की पडदा काळा होतो. ज्याला बोलायचे आहे त्याने ते अक्षर निःसंकोच दाबावे. पडदा वक्त्याच्या मदतीला आहे, वक्ता पडद्याच्या सेवेला नाही.

एक प्रसंग सांगून थांबतो. आपल्या एक सभासद भगिनी एके रविवारी पणजोबांचा एक कागद घेऊन आल्या. घरात तो जमिनीची सनद म्हणून तीन पिढ्या जपला गेला होता. त्या जमिनीवरून दोन चुलत घरांत अबोलाही होता. त्यांच्या परवानगीने मी तो कागद पडद्यावर घेतला. मोडीत शब्द सुटे नसतात, म्हणून प्रत्येक शब्दाखाली एक रंगीत पट्टी काढली. वर्गाने शब्द ओळखला की पट्टी उजळायची, नाही तर कोरी राहायची. दोन रविवार गेले. पट्ट्या उजळत गेल्या आणि जमीन काही निघाली नाही. ते एका भावाने भावाला लिहिलेले पत्र होते. आईला बरे नाही, औषधाचे रुपये पोहोचले, पण ती रुपये नको म्हणते, तू एकदा येऊन जा, इतकाच मजकूर.

त्या भगिनींनी शेवटची ओळ स्वतः वाचली, अडखळत, पण कोणाच्या मदतीवाचून. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि त्याची एक छायाप्रत मागितली. चुलत घरी देण्यासाठी, असे म्हणाल्या. पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

त्या दोन रविवारी पडद्यावर उडणारे, गरगरणारे असे काहीही नव्हते. एका पट्टीमागून दुसरी उजळत होती, वाचणाऱ्याच्या गतीने. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था उभारली त्यांच्यापाशी कंदील आणि काच होती, आपल्यापाशी संगणक आहे. आपल्या घरच्या पेट्या उघडा, कागद घेऊन या, आणि लेकीसुनांना, नातवंडांना बरोबर आणा. रेघ कोठून सुरू करायची ते दाखविण्याची जबाबदारी माझी.