कागदावरचा एक मैल



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी शिकागो येथील एका हॉटेलात वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमोर एक चित्र मांडण्यात आले. चित्रच वीस फुटांहून उंच होते. त्यात ५२८ मजल्यांची, बरोबर एक मैल म्हणजे ५,२८० फूट उंचीची इमारत रेखाटली होती. त्या काळची जगातील सर्वांत उंच इमारत, न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट, १०२ मजल्यांची होती. ‘इलिनॉय’ नावाच्या या कल्पनेचे जनक फ्रँक लॉइड राइट तेव्हा ८९ वर्षांचे होते.

गंमत अशी की, हेच राइट आयुष्यभर महानगरांतील गर्दीवर तुटून पडत आले होते. प्रत्येक कुटुंबाला किमान एक एकर जमीन मिळावी, अशा विस्तीर्ण वसाहतीचा आराखडा त्यांनी १९३०च्या दशकातच मांडला होता. परंतु त्यांच्या मते यात विसंगती नव्हती. सुमारे एक लाख माणसे एकाच मनोऱ्यात सामावली, तर खालची भूमी हिरवळीसाठी मोकळी राहील, असा त्यांचा युक्तिवाद होता.

रचना झाडावरून घेतलेली होती. सोटमुळासारखा खोल पाया, मधोमध काँक्रीटचा कणा आणि त्यातून फांद्यांसारखे बाहेर झेपावणारे मजले. तळाशी रुंद, वर निमुळता होत जाणारा तिकोनी आकार वाऱ्याला तोंड देण्यासाठी होता. ही केवळ कविकल्पना नव्हे. रॅसीन येथील जॉन्सन कंपनीचा संशोधन-मनोरा (१९५०) आणि बार्टल्सव्हिल येथील १९ मजली प्राइस टॉवर (१९५६) त्यांनी याच तत्त्वावर उभारले होते. प्राइस टॉवरचे मूळ तर १९२०च्या दशकात न्यूयॉर्कसाठी केलेल्या आणि मंदीमुळे बारगळलेल्या आराखड्यात होते. तेव्हा न बांधलेले काम पुढे कामी येते, याचा राइट यांना स्वानुभव होता.

खरी अडचण होती ती माणसे वर नेण्याची. पोलादी दोराने ओढलेली लिफ्ट सुमारे ५०० मीटरपलीकडे एका दमात जाऊ शकत नाही. दोराला स्वतःचेच वजन पेलवत नाही. राइट यांनी अणुशक्तीवर चालणाऱ्या, पाच-पाच मजली डब्यांच्या ७६ लिफ्ट सुचविल्या. अणुशक्तीवर इतका भरवसा त्या दशकातच शक्य होता! शिवाय पैसा देणारा धनी कोणीच नव्हता, हे वेगळे सांगायला नको. राइट ९ एप्रिल १९५९ रोजी निवर्तले.

२०१० साली दुबईत ८२८ मीटर उंचीचा, तीन पाकळ्यांचा बुर्ज खलिफा उभा राहिला. त्याचा आराखडा शिकागोतल्याच एका वास्तुशिल्प-संस्थेचा. जाणकारांना त्यात ‘इलिनॉय’ची छाया दिसते, उंची मात्र निम्म्याहून किंचितच अधिक भरते. राइट यांची रेखाटने व कागदपत्रे २०१२ मध्ये न्यूयॉर्कचे आधुनिक कला संग्रहालय आणि कोलंबिया विद्यापीठाचे एव्हरी ग्रंथालय यांनी संयुक्तपणे स्वीकारली. मैलभर उंच मनोऱ्याची चित्रे आज त्या संग्रहात अभ्यासकांना पाहता येतात.