मोडीतले घंगाळ

'मोडीत काढणे' हा शब्द आपण सहज वापरतो. तो आला भांड्यांवरून. चेपलेले, गळके भांडे आपण दुकानी नेतो, दुकानदार ते काट्यावर टाकतो आणि नुसत्या धातूचा भाव हातावर ठेवतो. ही झाली मोड. घडणावळ गेली, आणि काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव, तेही वजनात गेले!

आमच्या आजीचे तांब्याचे घंगाळ असेच मोडीला निघाले होते. बुडाला भोक पडलेले, कोण ठेवणार? पण ते उचलताना आईची नजर काठावर गेली. तेथे आजीचे माहेरचे नाव होते. तिच्या मामांनी लग्नात दिलेले ते भांडे. घरातल्या एकाही कागदावर ते नाव नव्हते, ते होते फक्त त्या घंगाळावर. घंगाळ घरातच राहिले. आज ते ओटीवर आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की भांडे विकण्यापूर्वी त्याचा काठ पुसून वाचा. मग ते धड आहे का, पाहा. धड पितळी पातेल्याला शोभेची वस्तू करण्याची घाई नको. त्याला कल्हई करून घ्या आणि खुशाल वापरा. कल्हई म्हणजे तापल्या भांड्यात नवसागर टाकून आतून दिलेला कथलाचा पातळ थर. तो नसला की आंबट पदार्थात तांबे उतरते, आणि आमटी कळकते. असे अन्न पोटाला बाधते.

जे गळते, ज्याचा कान तुटला आहे, ते शोभेसाठी घ्यावे. घरी नसेल तर आठवड्याच्या बाजारात नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात अशी भांडी मिळतात. चिंच आणि मीठ लावून घासा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच कोरडे करा. ओल राहिली तर हिरवा थर चढतो. पण पॉलिशकागदाने खरवडू नका! तांब्यावर जे एकसारखे ठोके दिसतात, त्याला मठारकाम म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचे कारागीर त्यासाठी ओळखले जातात. त्या ठोक्यांनी पत्रा चकाकतो आणि कठीणही होतो. ती शोभा आयती मिळालेली आहे, ती घालवायची कशाला?

आता घंगाळात रोप लावायचे, तर माती थेट तांब्यात भरू नका. तांबे मातीत उतरले, तर मुळांना ते सोसत नाही. मातीच्या कुंडीत रोप लावा आणि ती कुंडी घंगाळात ठेवा. जुन्या किसणीची नळी करून आत पणती ठेवली, तर भिंतीवर उजेडाची जाळी उमटते. मात्र वरचे तोंड उघडे असावे, आणि जवळ पडदा नसावा. हंड्याचा विजेचा दिवा करायचा असेल, तर ते काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या आणि अर्थिंग जोडून घ्या. धातूच्या अंगात वीज खेळू लागली तर ती शोभा जिवावर बेतेल. झारा, पळी, ओगराळे एका फळीवर ओळीने टांगले, तरी भिंत बोलू लागते. एक मात्र पक्के ध्यानात ठेवा. रंग किंवा रोगण लावलेले भांडे पुन्हा अन्नाला वापरू नये.

कोणी म्हणेल, हा रिकामपणाचा उद्योग. पण पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी अशाच दिवे, अडकित्ते, भांडी यांसारख्या रोजच्या वस्तू जन्मभर जमवल्या. आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. माळ्यावरची अडगळ ती हीच!

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मुलांना घरच्या एका जुन्या भांड्यावरचे नाव उतरवून आणायला सांगा. ते कोणाचे, कोणी दिले, कोणत्या प्रसंगी, हे आजीला विचारायला सांगा. एका तासात वर्गाच्या फळ्यावर गावाचा इतिहास उभा राहील.

भांडे ठेवायचे की मोडायचे, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. अडचणीच्या वेळी मोड घालावी लागते, त्यात कमीपणा नाही. पण घालायचीच झाली, तर आधी ते नाव वहीत लिहून ठेवा. तांबे पुन्हा मिळेल, नाव मिळणार नाही.