शिक्षकानें आधीं पाहावें

(महोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यांतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं सरलेल्या वर्षांचा हिशेब मांडावयाचा असतो. जमेची बाजू इतर वक्त्यांनीं मांडली आहे. आम्ही खर्चाच्या बाजूची एक नोंद आपल्यापुढें ठेवितों. ती आमच्याच हातची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत एक मुलगा येत असे. बाप कारखान्यांत पाळीवर जाणारा, आई चार घरचीं कामें करणारी. मुलाला प्रार्थना मुखोद्गत होत्या; दाखल्यांचा अर्थ तो आमच्याहूनहि सोप्या शब्दांत सांगे. परंतु वहींत लिहावयास बसला कीं अक्षरांची उलथापालथ होई, काना-मात्रा गळून जात. आम्हांस तो आळस वाटला. आम्हीं त्याला एकच उत्तर पन्नास वेळां लिहावयास लावलें आणि इतर मुलांदेखत ‘मठ्ठ’ म्हटलें. पुढच्या रविवारीं तो आला नाहीं. त्यानंतर वर्गांत कधींच आला नाहीं.

आम्ही सेमिनरींत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलों होतों. ‘डिसलेक्सिया’ हा शब्द आमच्या कानांवर आला नव्हता. या अवस्थेंत बुद्धि शाबूत असते, परंतु अक्षर आणि उच्चार यांची सांगड सहजासहजीं बसत नाहीं. पन्नास वेळां लिहून ती बसत नाहीं; ध्वनि सुटे करून, डोळा, कान व हात यांना एकत्र राबवून सावकाश शिकविलें, म्हणजे मूल पुढें सरकतें. 2016 च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें अशा अध्ययन-अक्षमतेची दखल घेतली आहे. त्यापूर्वींच 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासहि मनाई केली आहे. कायदा शिक्षकाचा हात धरूं शकतो. दृष्टि मात्र प्रशिक्षणानेंच येते.

डॉ. मारिया माँटेसोरी या इटलींतील वैद्य. लोक ज्यांना मंदबुद्धि म्हणून बाजूस सारीत, अशा मुलांत त्यांनीं प्रथम काम केलें व 1907 सालीं रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. 1939 सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथें त्यांनीं शिक्षकांचे वर्ग चालविले. शिकविण्याआधीं मुलाचें निरीक्षण करावें, हा त्यांच्या शिकवणुकीचा पाया होय. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं हाच विचार खेड्यांत नेला. 1945 सालीं बोर्डीस सुरू झालेलें त्यांचें काम 1957 सालीं कोसबाडच्या टेकडीवर गेलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. आदिवासी मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळेंत येत नसत. तेव्हां शाळाच कुरणांत गेली. मूल कां येत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. आम्हीं तें विचारलेंहि नाहीं.

ही विद्या आपल्यापासून दूर नाहीं. मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. वि. वि. पेंडसे यांनीं 1962 सालीं पुण्यास ज्ञान प्रबोधिनी स्थापिली. तिची शाळा आपल्या निगडींतहि आहे. आपल्या शिक्षकांनीं तज्ज्ञ व्हावें असें आमचें म्हणणें नाहीं. मूल तोंडी काय सांगतें व लेखी काय देतें, यांतील अंतर त्यांना दिसावें. आधीं डोळे व कान तपासून घ्यावे. घरीं बापाची रात्रपाळी असल्यास दिवसा अभ्यासास जागा मिळते कीं नाहीं, हें विचारावें. आईबापांशीं बोलणें एकांतीं करावें, आणि गरज भासेल तेव्हां मूल योग्य हातीं सोंपवावें. एवढें शिकतां येतें, व शिकविलेंहि जातें.

तो मुलगा आज चाकणच्या बाजूस साचे घडविण्याच्या कामांत निष्णात आहे. ज्या आराखड्याची एक रेघहि आम्हांस उमगत नाहीं, तो त्याला पाहतांक्षणींच कळतो. आम्हीं त्याची क्षमा मागितली. त्यानें ती मोकळ्या मनानें दिली. परंतु मिस्साच्या वेळीं वाचनास बोलाविलें, तर तो हंसून मान हलवितो, व आपल्या जागेवरून उठत नाहीं.

म्हणून या महोत्सवी वर्षीं आमची एकच विनंति आहे. दरवर्षीं धर्मशिक्षणाच्या दोन शिक्षकांस अशा प्रशिक्षणास पाठवावें व त्याचा खर्च धर्मग्रामानें सोसावा. यंदाच्या दोन नांवांपैकीं पहिलें नांव आमचें लिहून घ्यावें.