अंधार ओळखणारी मुलगी

आम्ही बचत गटाच्या बाया आज तुम्हाला एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगणार आहोत. गटातल्या एका ताईची मुलगी कॉलेजात शिकते. तिने ती वाचून आम्हाला मराठीत सांगितली.

कादंबरीचं नाव 'ड्रॅगन्स किन', म्हणजे ड्रॅगनचे भाऊबंद. ड्रॅगन हा पंखांचा, आग ओकणारा भलामोठा प्राणी. अ‍ॅन मॅककॅफ्री या लेखिकेने पर्न नावाच्या दूरच्या ग्रहावर असे ड्रॅगन कल्पिले. पर्नवरची पहिली कादंबरी १९६८ सालची. मग एकामागून एक पुस्तकं येत गेली. २००३ सालचं हे पुस्तक मात्र त्यांनी मुलगा टॉड याला सोबत घेऊन लिहिलं. आईने कसलेल्या वावरात लेकानेही तिफण धरावी, तसं.

गोष्ट घडते कोळशाच्या खाणीत. तिथे वॉच-व्हेर नावाचे प्राणी आहेत, ड्रॅगनचेच भाऊबंद, पण दिसायला कुरूप. उजेड त्यांना सोसत नाही, अंधारात मात्र ते तरबेज. खाणीत विषारी वायू साचला की त्यांना आधी कळतं. आपल्या जगात पूर्वी यासाठी कॅनरी पाखराचा पिंजरा खाणीत नेत. पाखरू कोलमडलं की माणसं बाहेर पळत. दुर्गापूर, बल्लारपूर, घुग्घुसच्या बायांना खाणीची भीती काय असते, हे आम्ही काय सांगावं!

किंडान नावाच्या पोराचा बाप आणि भाऊ खाणीतच जातात. पुढे तो एक पिल्लू वाढवतो. त्याला साथ देते नुएला, खाणीच्या प्रमुखाची मुलगी. ती आंधळी आहे. लोक काय म्हणतील, म्हणून बापाने तिला लपवून ठेवलेलं. पण जिथे डोळस माणूस चाचपडतो, तिथे ती सहज चालते. पुढे खाण कोसळते, माणसं आत अडकतात. तेव्हा हीच मुलगी व्हेरला घेऊन त्यांच्यापर्यंत पोचते.

गोष्ट संपली आणि आमच्यातली एक जण हळूच म्हणाली, "माझ्या पोरीला दिसत नाही. पाहुणे आले की मी तिला आतल्या खोलीत बसवते."

आम्ही गप्प झालो. दोष तिचा एकटीचा नव्हता. तिच्या घरी गेलो की, "हिचं लग्न कसं होईल गं?" हे आम्हीच विचारायचो.

बायांनो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे. आंधळेपण आणि अधू नजर दोन्ही त्यात आहेत. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते. वाट माहीत नसेल तर आशाताईंना विचारा. एकटीने जाऊ नका, गटातली एखादी सोबत घ्या.

ती पोरगी आता आमच्या बैठकीला येते. बांगड्यांच्या आवाजावरून एकेकीला ओळखते, आणि कोण उशिरा आली तेही सांगते!

तुमच्या घरात, शेजारात अशी कोणी आतल्या खोलीत बसली असेल, तर पुढच्या बैठकीला तिला हाताला धरून आणा.