टपाली मत वाया घालवू नका
(तंजावर शाखेच्या सभेतील भाषण)



गाडीवर ड्युटी आहे म्हणून आपला माणूस मताला मुकू नये. 2016 साली राधापुरमचा निकाल 49 मतांनी लागला. साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्यावरून तेथील 203 टपाली मते बाद झाली. वाद उच्च न्यायालयात गेला.

आयोगाने आपली ड्युटी आवश्यक सेवेत धरली असेल, तर अधिसूचनेनंतर पाच दिवसांत 12-डी अर्ज पोहोचवा. केंद्रावर मतपत्रिका लहान लिफाफ्यात घालून चिकटवा. प्रतिज्ञापत्र त्यात घालू नका. सही व साक्षांकन करून ते लहान लिफाफ्यासह मोठ्या लिफाफ्यात ठेवा. ते सापडले नाही, तर आतला लिफाफा उघडतच नाहीत.

मत कोणाला द्यायचे ते तुम्ही ठरवा. ते मोजले जाईल, एवढे आपण मिळून पाहू.