टेकू कुठे आहे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, "तुझी ओळख काय करून देऊ?" मी म्हटलं, "लाकडं ओढतो, असं सांग." ती हसली आणि म्हणाली, "तसं नको रे, मी उद्योजक म्हणते." मघाशी तिने तसंच सांगितलं. पण खरं ते मी आधी म्हटलं तेच. गेली चाळीसेक वर्षं कणकवलीच्या आसपासच्या डोंगरांतून तोडलेल्या झाडांचे ओंडके खाली रस्त्यापर्यंत आणणं, हाच माझा धंदा. आधी जीपने, मग छोट्या ट्रॅक्टरने. आज पहाटे तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरलो आणि परळपर्यंत चालत आलो. रस्ते ओळखीचे होते, इमारती नव्हत्या.

लाकूड आपण सगळ्यांनीच लहानपणी पाहिलंय. लालबागच्या आमच्या चाळीच्या तुळया सागवानी होत्या. शेजारचे आजोबा त्यांच्यावर हात मारून म्हणायचे, "बर्मा टीक आहे हा, शंभर वर्षं हलणार नाही." रे रोडच्या वखारींतून फळ्या-वासे भरलेल्या हातगाड्या आपल्या रस्त्यावरून जायच्या. चढ आला की आपण पोरं मागून धक्का द्यायचो. पण ती तुळई जंगलातून निघाली कशी, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

ब्रह्मदेशात ते काम हत्ती करायचे. तिथल्या सागावर मोठी झालेली कंपनी आपल्याच शहराच्या नावाची होती, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, स्थापना १८६३. या कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त ओंडके बाहेर काढले, असं म्हणून तिथल्या थिबा राजाच्या सरकारने तिला जबर दंड केला. त्या भांडणाचं निमित्त होऊन १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्यच घेतलं आणि राजाला आणून ठेवलं आमच्या कोकणात, रत्नागिरीत. तिथेच १९१६ मध्ये तो वारला. त्याचा राजवाडा सहलीला गेलेल्यांनी पाहिला असेल. ओंडके ओढण्याच्या धंद्याला मी कमी समजत नाही, त्याचं हे एक कारण.

मी या धंद्यात आलो तो संपामुळे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या शेवटच्या वर्षाला होतो. माझे वडील गिरणीत फिटर. या सभागृहात निम्म्या घरांची तीच गोष्ट आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही. दीड वर्ष वाट पाहून आम्ही खोलीला कुलूप लावलं आणि गावी गेलो. सामानात वडिलांची पान्यांची पेटी होती आणि माझं सर्टिफिकेट.

गावात मालकी रानं होती. आईन, किंजळ, जांभूळ, साग, जुने आंबे-फणस. कुणाला मुलीच्या लग्नासाठी, कुणाला घराच्या छपरासाठी चार झाडं काढायची असायची. त्याला सरकारी परवानगी लागते, महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीचा कायदाच आहे. परवानगी मिळाली, झाड पडलं, फांद्या साफ झाल्या की खरी अडचण सुरू व्हायची. ओल्या आईनाचा एक घनमीटर म्हणजे टनाच्या आसपास वजन. झाड उभं डोंगरकुशीत आणि ट्रकचा रस्ता खाली अर्धा किलोमीटर. बैल-रेड्यांच्या जोड्या होत्या, पण चढावर जनावराचे हाल व्हायचे. नाहीतर दहा-बारा माणसं, दोर आणि पहारी. दिवसाला दोन ओंडके आले तरी लोक खूश असायचे.

मी आणि माझा चुलतभाऊ, आम्ही एक भंगारातली जीप घेतली. त्याच जातीच्या जीपा महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत इथेच माझगावला जोडायला सुरुवात केली होती. तिची बॉडी काढून टाकली. चारही चाकांना ताकद आणि खालचा जोडगिअर शाबूत होता, तेवढंच हवं होतं. कुर्ल्याच्या भंगारात आणि चोरबाजारात दोन दिवस फिरून विंचचा ड्रम, वायररोप आणि गिअर मिळवले. गिरणीतला शाफ्ट सरळ रेषेत कसा लावायचा ते वडिलांना ठाऊक होतं, त्यांनी तो ड्रम बसवून दिला. संपानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी.

जीपने सहा वर्षं काम दिलं. मग कर्ज काढून पस्तीस हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर घेतला. आता मी जे सांगणार आहे ते त्या ट्रॅक्टरचं आहे.

१९९१ चा एप्रिल. पावसाच्या आत काम उरकायची घाई होती. ट्रॅक्टरला मागे, आसाच्या खाली, एक लोखंडी पट्टी असते, ड्रॉबार म्हणतात. ओढायचं ते तिथूनच. पण तिथे साखळी बांधली की ओंडक्याचं नाक जमिनीत घुसायचं, खुंटांना अडकायचं. मी डोकं चालवलं. नांगर जोडायची जी वरची लिंक असते, त्या जागी, आसाच्या वर हातभर, मी हुक बसवला. साखळी उंचावरून आली की नाक उचललं जायचं. तीन दिवस काम झपाट्याने झालं. लोकांनी माझी पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी भाऊ सीटवर होता. चढावर ओंडका जांभ्याच्या खडकाला अडला. मागची चाकं फिरेनात, इंजिन जोर करत होतं. पुढची चाकं उचलली गेली. क्लच दाबायचा विचार माणसाच्या मनात येईपर्यंत पावणेदोन टनांचा ट्रॅक्टर मागे उलटला. मागे गडगा होता, त्यावर मडगार्ड टेकलं म्हणून भाऊ जिवंत राहिला. डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्याचं वय तेव्हा सव्वीस, घरात आठ महिन्यांची मुलगी.

गावात लोक म्हणाले, देवचाराची वाट अडवलीत. आजीने नारळ दिला, राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. मी तिच्या बाजूला हात जोडून उभा होतो. त्याच रात्री मी हातबत्ती घेऊन रानात गेलो आणि तो हुक काढून टाकला. कुणाला काही बोललो नाही.

कारण मला कळलं होतं. इथे सर बसले आहेत, विज्ञान शिकवायचे ते. सर, आठवीत तुम्ही टेबलावर फूटपट्टी ठेवलीत, तिच्याखाली खडूचा तुकडा ठेवलात आणि विचारलंत, "टेकू कुठे आहे?" तरफेचा कुठलाही प्रश्न आला की आधी टेकू शोधा, मग भार, मग बल, असं तुम्ही वर्षभर घोकून घेतलंत. परीक्षेत मला त्यात पूर्ण गुण होते. आणि डोंगरात ट्रॅक्टरचा मागचा आस हाच टेकू आहे, हे मला दिसलं नाही. ओंडका अडला आणि चाकं फिरेनाशी झाली की इंजिन चाकांऐवजी ट्रॅक्टरचं धूडच आसाभोवती फिरवायला बघतं. साखळी जितकी उंच, तितका मागे उलटवणारा जोर जास्त. साखळी खाली असेल तर नाक उचललं जाताच हुक आणखी खाली जातो आणि तो जोर कमी होतो. एवढीच गोष्ट. कागद-पेन्सिल घेतली असती तर दहा मिनिटांत समजली असती.

नंतर मी यावर मिळेल ते वाचलं. जगभर हेच झालंय. १९१७ पासून अमेरिकेत फोर्डसन ट्रॅक्टर निघाले. नांगर दगडाला अडला की ते मागे उलटायचे, म्हणून बदनाम झाले. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयर्लंडच्या माणसाने नांगर तीन ठिकाणी जोडायची पद्धत काढली, त्यामागे हाही एक विचार होता. पुण्याच्या कॉलेजशी याचा संबंध नाही, ते फर्ग्युसन मुंबईचे गव्हर्नर. म्हणजे ज्या वरच्या लिंकची योजना ट्रॅक्टर उलटू नये म्हणूनही झाली, त्याच जागेला मी साखळी बांधली होती. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत चौकट सक्तीची केली आणि तिथे उलटून मरणारे फार कमी झाले. आमच्या ट्रॅक्टरवर उन्हासाठी पत्रा होता.

मग मी कामाची पद्धत बदलली. साखळी फक्त ड्रॉबारला. पुढे वजनं. सीटभोवती जाड पाइपची चौकट आणि पट्टा. जिथे उतार अवघड, तिथे ट्रॅक्टर आत न्यायचाच नाही, तो सपाटीवर टेकवून उभा करायचा आणि विंचने ओंडका त्याच्याकडे आणायचा. वायररोप ताणलेला असताना त्याच्या रेषेत किंवा वळणाच्या आत कुणी उभं राहायचं नाही, तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो. ओंडक्याचं नाक उचलायला जीपच्या जुन्या आसाची दोनचाकी कमानगाडी केली. वजन तिच्यावर येतं, ट्रॅक्टरवर नाही. रानाचंही त्यात भलं झालं. नाक घासत नेलं की उतारावर चर पडतो आणि पहिल्याच पावसात तिथून माती वाहून जाते. मिरगाच्या आत काम बंद, हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

आमच्याकडची पोरं शिकायला येतात. भंगारातली मशीनं जोडून काय काय करतात, बघण्यासारखं असतं. मी त्यांना आधी भावाकडे पाठवतो. तो घरासमोर वेल्डिंगचं दुकान चालवतो. कुणी हुक बसवून मागितला की तो विचारतो, कुठे बसवणार? आणि स्वतःचा पाय पुढे करतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा आमच्या भागात रस्त्यांवर, घरांवर झाडं पडली. आम्ही तीन ट्रॅक्टर घेऊन दिवसरात्र ती ओढत होतो. एका रात्री एका पोराने घाईत साखळी वर अडकवली. मी ओरडायच्या आत भावाने कुबडी आपटून त्याला थांबवलं. काम संपल्यावर आम्ही दोघं चहा घेत बसलो आणि तीस वर्षांनी मी त्याला सांगितलं. म्हटलं, देवचार-बिवचार काही नव्हतं, चूक माझी होती.

तो म्हणाला, "माका म्हायत होता. साखळी तू बांधलंस ता मी बघलंय मा."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?

"तू कधी बोलतंस ता बघी होतंय," म्हणाला, आणि चहा प्यायला.

तेव्हा ठरवलं की जिथे हे शिकलो होतो, तिथेही एकदा सांगायचं. म्हणून हे भाषण. सर, तुमच्या शिकवण्यात काही कमी नव्हतं. मीच ते पेपरात लिहिलं आणि पेपरातच ठेवलं.

आमची लालबागची चाळ पाडली, तेव्हा तुळया विकत घ्यायला व्यापारी आले होते. एक हातभर तुकडा मी मागून घेतला. त्या सागाचा हा छोटा ट्रॅक्टर मी आणि भावाने मिळून केला आहे. मागे दोन हुक आहेत, एक आसाच्या वर, एक खाली. वरच्या हुकाला दोरी बांधून मागे ओढली की तो उलटतो, खालच्याला बांधली की उलटत नाही. कृतज्ञता निधीत माझे पैसे दिलेच आहेत, पण हा ट्रॅक्टर शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवावा अशी माझी विनंती आहे. आठवीच्या मुलांच्या हातात द्या, कपाटात ठेवू नका. त्यांना तो दोन्ही हुकांनी ओढू द्या, आणि मग सर विचारायचे तो प्रश्न विचारा.

मुख्याध्यापकबाईंनी ही भेट स्वीकारावी. सरांच्या हस्ते ती द्यावी, एवढी परवानगी मागतो आणि माझे शब्द संपवतो.