उद्योजकाची विचारदृष्टी आणि व्यवसायवृद्धी

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी मोठाल्या नळांतून मुंबईस जाते, हे आपण बालपणापासून पाहत आलो आहोत. ते नळ टाकण्याचे काम करणाऱ्यांत शेठ वालचंद हिराचंद यांची बांधकाम कंपनी होती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

वालचंदजींचा जन्म १८८२ साली सोलापूरच्या जैन कुटुंबात झाला. घरी कापसाचा व्यापार व सावकारी. पेढीवर बसून आयुष्य सुखाने गेले असते. पण त्यांचे मन तेथे रमले नाही. रेल्वेच्या कंत्राटांची ओढ होती, अनुभव नव्हता. तेव्हा रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. सावकाराच्या मुलाने कारकुनास नोकरीस ठेवणे सोपे होते. त्यांनी त्यास बरोबरीचे स्थान दिले. त्यांच्या उत्कर्षाचे मूळ मला येथेच दिसते. पुढे बोरघाटातील बोगदे झाले, ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभा राहिला. यांतील एकही धंदा त्यांना वारशाने मिळालेला नव्हता.

आता माझे सांगतो. मुरबाडला माझे धान्याचे दुकान. हिशेब संगणकावर ठेवू, असे मुलगा म्हणत होता. मी तीन वर्षे टाळले. खतावणी होती, परंतु कोणाची उधारी कोणत्या सुगीला फिटायची, कोणास किती सूट कबूल केली, हे सारे माझ्या डोक्यात. मग मी दोन महिने रुग्णालयात पडून राहिलो. कोणाकडे किती मागावे, हे मुलास कळेना. मागितले तेथे दोन जुनी घरे दुखावली. काही रक्कम बुडाली ती बुडालीच. त्यांतील एक घर आजही दुसरीकडे माल भरते.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी मुलाजवळ बसून संगणक शिकलो. तेव्हा प्रथमच दिसले की, ज्या मालावर माझा सर्वांत अधिक जीव, त्यातच भांडवल सर्वाधिक अडकलेले होते! स्वाध्यायाला आपण तप मानतो, पण दुकानाची पायरी चढताना तो बाहेरच ठेवतो.

मुरबाडला औद्योगिक वसाहत होऊन कितीतरी वर्षे लोटली. तेथे कोणता माल लागतो, हे विचारावयास आपल्यापैकी किती जण गेले? मीही गेलो नव्हतो. गेल्या महिन्यात मुलाबरोबर गेलो. एका कारखान्याच्या उपाहारगृहास तांदूळ पुरविण्याचे बोलणे चालू आहे. दर अद्याप जुळावयाचा आहे.